मुख्याध्यापक घडविताना

(मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी एका निवृत्त शिक्षणशास्त्र प्राध्यापकांनी केलेले भाषण)



शिक्षणशास्त्र महाविद्यालयात मी ३१ वर्षे अध्यापन केले. त्यांतील बराच काळ मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात गेला. मी निरोपाचे दोन शब्द बोलावेत अशी आपली अपेक्षा आहे. परंतु त्यापेक्षा एका चुकीची कबुली देणे मला अधिक अगत्याचे वाटते.

प्रारंभी मी शालेय प्रशासन शिकवीत असे. जनरल रजिस्टर कसे ठेवावे, किर्द कशी जुळवावी, सेवापुस्तकातील नोंदी कशा घ्याव्यात, यांवर माझा सारा भर. एका वर्गात पहिल्या आलेल्या मुख्याध्यापकांच्या शाळेला दोन वर्षांनी भेट दिली. दप्तर इतके नीटनेटके की पाहून मन प्रसन्न व्हावे! नंतर चौथीच्या वर्गात गेलो. फळ्यावरची दोन वाक्ये वाचावयास सांगितली, तेव्हा पाच-सहा मुले सोडता बाकीची खाली मान घालून बसली. लॉगबुकात मात्र त्याच वर्गाच्या पाठनिरीक्षणाचे सुरेख शेरे होते, आणि त्यांतील भाषा माझ्याच टिपणांतली होती. त्या गृहस्थांना दोष कसा द्यावा? मी शिकविले तेच त्यांनी निष्ठेने केले होते.

त्यानंतर मी अभ्यासक्रम बदलला. १० दिवसांच्या वर्गातील ४ दिवस प्रशिक्षणार्थींना जवळच्या शाळेत नेऊन वर्गात मागच्या बाजूस बसवू लागलो. शिक्षक किती वेळ बोलले, मागच्या ओळीतील मुलाला किती वेळा प्रश्न विचारला, एवढेच पाहावयाचे. मग त्या शिक्षकांशी बोलावयाचे. शेरा लिहावयाचा नाही. ज्येष्ठांना हे कमीपणाचे वाटे. एक जण म्हणाले, "सर, पंचवीस वर्षे पुढे उभा राहिलो, आता मागे बसवता होय?" तिसऱ्या दिवशी तेच सर्वांत आधी येऊन बसले होते.

ही कल्पना माझी एकट्याची नव्हे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांना एकत्र जोडणारा शाळासमूह सुचविला होता. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. शेजारच्या शाळांनी एकमेकींना हात द्यावा, हा त्यामागील हेतू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती सूचना पुन्हा आली आहे. मधली ५४ वर्षे कोठे गेली, हे विचारण्याचे हे स्थळ नव्हे.

अडचण छोट्या शाळांची आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या मानकांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत ज्येष्ठ शिक्षकाकडेच कार्यभार. तो दोन इयत्ता सांभाळतो, पोषण आहाराचा हिशेब लिहितो आणि माहितीचा तक्ता घेऊन तालुक्याला जातो. त्या दिवशी त्याचे वर्ग कोणी घ्यावेत? वर्गात मागे बसण्याचा माझा उपदेश तेथे निरर्थक ठरतो. म्हणून पंचायत समितीच्या सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे : अशा शिक्षकाला शाळेच्या वेळेत कागदांसाठी बोलावू नका.

पहिल्या क्रमांकाचे ते मुख्याध्यापक पुढे कित्येक वर्षे माझ्यासमवेत या वर्गांत शिकवावयास येत राहिले. आज ते समोरच, मागच्या ओळीत बसले आहेत. ही हकिकत सांगण्यास त्यांनीच मला अनुमती दिली.