‘माझ्याकडे तर उघडते’



जुनी मासिके, पोथ्या, नकाशे स्कॅन करणाऱ्या मंडळींच्या या परिषदेत स्कॅनर आणि रिझोल्यूशन यांवर पुढे सविस्तर चर्चा होईलच. मला बोलायचे आहे ते आपल्या कचेऱ्यांत रोज कानी पडणाऱ्या एका वाक्याबद्दल: ‘माझ्याकडे तर उघडते.’

कंत्राटदार हार्ड डिस्क देतो, आपण चार-पाच चित्रे उघडून पाहतो, बिल मंजूर होते. पुढे कधीतरी त्यातलीच एखादी फाइल दुसरे सॉफ्टवेअर घ्यायला नकार देते आणि आपण त्या सॉफ्टवेअरला नावे ठेवतो. माझे मत उलट आहे. बहुतेक वेळा नकार देणारा प्रोग्रॅम खरे सांगत असतो. उघडून दाखवणारा आपली समजूत काढत असतो.

जेपेगचे पाहा. फाइलचे पहिले दोन बाइट २५५ आणि २१६, शेवटचे दोन २५५ आणि २१७. कॉपी अर्धवट राहिली की शेवटचे जातात. असंख्य प्रोग्रॅमांच्या पोटात असलेली लिबजेपेग ही लायब्ररी अशा वेळी फाइल अकाली संपल्याचा इशारा देते, समाप्तीची खूण स्वतःच्या पदरची घालते आणि हाती लागले तेवढे चित्र दाखवते. उरलेला भाग बहुधा राखाडी येतो. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये लघुचित्र वेगळे, सुरुवातीलाच साठवलेले असते. त्यामुळे फोल्डरमध्ये पान अखंड दिसते आणि खालच्या ओळी गेल्याचे कोणाला कळतही नाही.

पीएनजी रचणाऱ्यांनी फाइल वाटेत बिघडण्याचा धोका आधीच ओळखला होता. १९९६ साली प्रमाणित झालेल्या या प्रकाराची सुरुवात १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० या आठ बाइटांनी होते. १३७नंतरचे तीन म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे. पाठवताना कोणी बाइटातला आठवा बिट छाटला, तर १३७ बिघडतो. फाइल मजकूर समजून ओळींच्या शेवटांची अदलाबदल केली, तर १३ आणि १० यांची जोडी किंवा शेवटचा १० बिघडतो. शिवाय आतल्या प्रत्येक तुकड्यामागे त्याची तपासबेरीज (चेकसम) असते. इतका विचार करून ठेवलेली सुरुवात मला फार मोलाची वाटते.

नकाशे स्कॅन करणाऱ्यांना टिफचा अनुभव असेल. त्यात सगळा कारभार पत्त्यांवर चालतो: अमुक माहिती फाइलच्या अमुक जागी. हे पत्ते ३२ बिटांचे, म्हणून फाइल ४ जीबीपलीकडे जाऊ शकत नाही. मोठ्या नकाशासाठी बिगटिफ वापरावे लागते. साध्या टिफच्या सुरुवातीला ४२ हा आकडा असतो, बिगटिफमध्ये ४३. जुने प्रोग्रॅम तिथेच अडतात. अशी फाइल निर्दोष असते, एवढे ध्यानात ठेवा. आयफोनच्या एचईआयसी फाइलला नुसते जेपीजी नाव दिल्यावरही असाच नकार येतो. पहिले बाइट पाहिले की उलगडा होतो.

प्रोग्रॅमांच्या कडकपणाला कारणही आहे. सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली. मुद्दाम बिघडवून बनवलेले चित्र संगणकाच्या स्मृतीत भलत्या ठिकाणी लिहू शकत होते. ब्राउझर तातडीने दुरुस्त करावे लागले.

मग फाइल अडली तर काय करायचे? आधी तिची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. टिफ-जेपेगसाठी जोव्ह, पीएनजीसाठी पीएनजीचेक ही तपासणीची साधने चालवा, चूक कोणत्या जागी आहे ते वाचा. ‘सेव्ह अ‍ॅज’ मात्र कृपा करून करू नका. त्यातून निघणारी नवी फाइल सगळीकडे उघडते, पण गेलेल्या ओळींच्या जागचा राखाडी पट्टा आता नियमानुसार चित्राचाच भाग ठरतो. पुढे फाइलच्या रचनेची कोणतीही तपासणी त्यावर बोट ठेवू शकत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली आपण पुरावाच पुसलेला असतो.

माझी आग्रहाची विनंती आहे. पुढच्या निविदेत एक अट घाला: प्रत्येक फाइलसोबत तपासबेरीज आणि तपासणीचा अहवाल हवा. तो अहवाल हाती येऊन वाचून होईपर्यंत बिल मंजूर करू नका, आणि मूळ ग्रंथ मालकाला परत पाठवू नका.