पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत



गेल्या वर्षी सीईटीचा निकाल लागला आणि मामूंचा फोन आला, "पोरीला ८१ टक्के पडले!" मीही आनंदात मुबारकबाद देऊन टाकली, निकालपत्र काही पाहिलं नाही. घरच्यांनी अर्जात फक्त तीन नामांकित कॉलेजं भरली. पहिल्या फेरीत एकही मिळालं नाही. 'पोरगी कमी पडली' असं घरात सुरू झालं. ती बिचारी रडत होती. कमी ती पडली नव्हती; आकडा आम्ही चुकीचा वाचला होता.

८१ हे टक्के नव्हते, पर्सेंटाइल होतं. तिचे गुण २०० पैकी शंभरही नव्हते.

हा हिशेब समजून घ्या. इंजिनिअरिंगची सीईटी २०० गुणांची. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. एखादी सोपी निघते, एखादी अवघड. म्हणून तुमची तुलना फक्त तुमच्याच सत्रातल्या मुलांशी होते.

समजा, तुमच्या सत्रात २०,००० मुलं बसली. तुम्हाला १२० गुण मिळाले. १२० किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे, तुम्हाला धरून, १८,४०० आहेत. १८,४०० भागिले २०,००० गुणिले १००, म्हणजे ९२ पर्सेंटाइल. गुण मात्र ६० टक्केच! पेपर अवघड गेला तर सगळ्यांनाच गेला, म्हणून घाबरू नका. प्रत्येक सत्रात हुशार मुलांचं प्रमाण साधारण सारखंच असतं, असं या पद्धतीत गृहीत धरलेलं आहे.

आणखी दोन गोष्टी. एकूण पर्सेंटाइल ही तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते. ते एकूण गुणांवरून वेगळं काढतात. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

दुसऱ्या फेरीआधी आम्ही दोघं बसलो. मागच्या वर्षीचे कटऑफ, तेही पर्सेंटाइलमध्येच असतात, आपल्या प्रवर्गाचे काढले. आवडीच्या क्रमाने लांबलचक यादी भरली. तिला प्रवेश मिळाला.

तुमच्या घरात, मोहल्ल्यात यंदा कुणी सीईटी देत असेल, तर निकालाच्या दिवशी मिठाई जरूर खा. पण अर्ज भरताना त्याच्या शेजारी बसा.