रात्रीचा रेडिओ

मुंबईहून २३ जुलै १९२७ रोजीं नियमित ध्वनिक्षेपण सुरू झालें. तेथून पाथर्डी सरळ रेषेंत सुमारें अडीचशें किलोमीटर दूर. इतक्या अंतरावर मध्यम लहरी दिवसा क्षीण होतात. दिवेलागणीनंतर मात्र मुंबईच काय, त्याहूनहि दूरचीं केंद्रें ऐकूं येऊं लागतात. हें कशामुळें?

ढग लहरींना अडवितात, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. कारण ढगांच्याहि फार वर, आयनांबरांत आहे. सूर्यकिरणांनीं तेथील विरळ हवा विद्युद्भारित होते. साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरील थर दिवसा ह्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो. मग लहरी शंभर किलोमीटर व त्याहून उंच असलेल्या थरांवरून पृथ्वीकडे परततात. असा परावर्तक थर आहे, हें ॲपलटन व बार्नेट यांनीं १९२४ सालीं प्रयोगानें दाखविलें. कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं आयनांबराचा अभ्यास पुढें चालविला.

परंतु परतणाऱ्या लहरी निरनिराळ्या वाटांनीं येऊन एकमेकींत मिसळल्या, कीं आवाज चढतो, उतरतो. वळवाच्या दिवसांत दूरच्या विजांची खरखरहि त्याच वाटेनें येते. म्हणून रात्रीं ऐन बातम्यांच्या वेळीं आवाज बुडाला, तर यंत्र उघडण्याची घाई करूं नये, थोडें थांबावें. दोष बहुधा यंत्राचा नसतो, आकाशाचा असतो.