लांबच्या यात्रेला गाडी केवढी घ्यावी?

आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. विकत घ्यायची नव्हे, भाड्याने करायची. बचत गटातल्या बाया वर्षभर पैसे बाजूला टाकतात आणि एकदा नर्मदा परिक्रमेला किंवा तशाच लांबच्या यात्रेला निघतात. दहा-पंधरा दिवस ती गाडीच आपलं घर असते. म्हणून ती बघून घ्यावी.

आमचं आधी चुकलं ते सांगतो. परिक्रमेला आम्ही सतरा जणी होतो, म्हणून सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर केली. हिशेब बरोबर वाटला होता. पण पिशव्या, पातेली, पाण्याचे जार कुठे ठेवायचे? सगळं मधल्या वाटेत आलं. मागच्या सीटवरच्या मावशींना पाय सरळ करायला जागा उरली नाही. खाली उतरायचं तर चार जणींना उठवावं लागे, म्हणून त्या पाणीच कमी प्यायला लागल्या. कुणाला बोलल्याही नाहीत. पाचव्या दिवशी पाय सुजले, लघवीला जळजळ सुरू झाली. जबलपूरहून त्यांना रेल्वेने परत पाठवावं लागलं. सोबत त्यांची सूनही परतली. दोघींचे पैसे भरलेले होते, परिक्रमा मात्र अर्धी राहिली.

तेव्हापासून आम्ही माणसं मोजतो आणि वर तीन-चार सीट जास्त धरतो. चौदा जणी असतील तर सतराची गाडी. रिकाम्या सीटवर सामान राहतं, कुणाला बरं नसेल तर आडवं होता येतं. टपावर फार लादू नका. एकेकीची पिशवी बारा किलोची धरली तरी चौदा जणींचे 168 किलो झाले. भरलेला वीस लिटरचा जार म्हणजे आणखी वीस किलो. एवढं ओझं वर चढलं की घाटाच्या वळणावर गाडी झुलते. जड सामान खालीच हवं.

मग पन्नास सीटची बसच का करू नये? चाळीस जणी असतील तर खुशाल करा, माणशी खर्च कमी येतो. पण नदीकाठच्या आश्रमांकडे जाणारे रस्ते बारीक असतात. बस मोठ्या रस्त्यावर थांबते आणि गुडघे दुखणाऱ्यांना पुढचं चालावं लागतं.

हल्ली कॅरव्हॅन म्हणूनही गाडी मिळते. आत बिछाना, ओटा, संडास. आपल्या राज्याने 2021 मध्ये त्यासाठी पर्यटन धोरणही आणलं. चार-सहा माणसांच्या कुटुंबाला ती सोयीची. चौदा जणी त्यात झोपणार कुठे? आपल्याला रात्री धर्मशाळा बरी.

स्वयंपाकाचं सामान न्या, पण भरलेला सिलिंडर माणसांच्या गाडीत नको. 2023 च्या ऑगस्टमध्ये मदुराई स्टेशनात यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. मुक्कामी चूल किंवा शेगडी मिळते का ते आधी फोनवर विचारा.

आता पैशाचं. पुष्कळ गाडीवाले दिवसाला 300 किलोमीटर धरूनच भाडं लावतात, गाडी उभी राहिली तरी. पंधरा दिवसांचे झाले 4,500. समजा गाडी धावली 3,200 आणि दर 24 रुपये. म्हणजे न धावलेल्या 1,300 किलोमीटरचे 31,200 रुपये आपण मोजले! परिक्रमेत मुक्काम जास्त असतात, म्हणून दिवसाची सरासरी आधीच कमी करून मागा. टोल, पार्किंग, दुसऱ्या राज्यांचा कर आणि ड्रायव्हरचा भत्ता कुणाकडे, तेही कागदावर लिहून घ्या. समुद्राजवळ आपण होडीने पलीकडे जातो आणि गाडी पुलावरून वळसा घालून येते. ते किलोमीटरही त्यात आले का, विचारा. ड्रायव्हरला झोपायला जागा मिळेल ना, हे पाहणं आपलंच काम. त्याचा डोळा लागला तर आपण सगळ्याच गेलो.

गाडी फोटोवर ठरवू नका. पुढच्या आठवड्यात आम्ही एक बघायला जाणार आहोत. बरोबर त्याच मावशींना नेतोय. त्या मागच्या सीटवर अर्धा तास बसतील, दोनदा चढतील-उतरतील. त्या हो म्हणाल्या तरच आगाऊ रक्कम द्यायची, असं बैठकीत ठरलंय.