दोन टक्क्यांचा हिशेब

सन्माननीय अध्यक्ष महोदय, भूजलशास्त्राचे अभ्यासक, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे अधिकारी, माण-खटाव आणि आटपाडी-जतहून आलेले शेतकरी बंधू-भगिनी आणि यारीचे काम बंद ठेवून आलेले विहीर खोदणारे कारागीर, कराडनगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हसवडला पाचशेच्या आसपास. पाऊस मोजता येतो. पण जमिनीखालच्या पाण्याची पातळी उतरते तेव्हा खडक पाणी किती सोडतो? भूजल अंदाजाच्या १९९७ च्या पद्धतीत कुजलेल्या, सांधे पडलेल्या बेसाल्टसाठी खडकाच्या आकारमानाचे २ टक्के सुचवले आहेत. कमीत कमी १, जास्तीत जास्त ३. एक चौरस किलोमीटर शिवारात पातळी एक मीटर उतरली, तर १ टक्क्याने दहा हजार घनमीटर पाणी निघते, ३ टक्क्यांनी तीस हजार. मधल्या वीस हजारांत हजार वस्तीच्या गावाला रोज माणशी ५५ लिटर पाणी जवळजवळ वर्षभर पुरते. एवढा फरक अंदाजावर सोडणे मला पटत नाही.

मांजऱ्याचा, म्हणजे सच्छिद्र बेसाल्टचा, तुकडा हातात घेऊन पाहा. भोकेच भोके, पण पुष्कळांत पांढरे जिओलाइट बसलेले असते, आणि बाकीची एकमेकांना जोडलेली असतीलच असे नाही. उलट काळ्या पाषाणातल्या एखाद्या चिरेवर मोटार तासन्‌तास चालते. म्हणून नमुन्याइतकीच विहिरीची नोंद मोलाची: किती परस खोलीवर मुरूम संपला, गेरू कुठे लागला, झरा कोणत्या अंगाने आला, मोटार चालवल्यावर पाणी किती उतरले, रात्रीत किती भरले. यंत्रणेची निरीक्षण विहीर वर्षातून चार वेळा मोजली जाते. शेतकरी आपली विहीर रोज पाहतो.

पावसाळा सरल्यावर शिवारातून उपसलेले पाणी घ्यावे, ओढ्यात पाझरून गेलेले त्यात मिळवावे, सिंचनातून परत मुरलेले वजा करावे आणि तेवढ्या काळात कोरड्या पडलेल्या खडकाच्या आकारमानाने भागावे. त्या गावाचा स्वतःचा आकडा हाती येतो. प्रवाहाच्या अभ्यासालाही पोकळीचा असाच आकडा लागतो. तेवढेच पाणी कमी पोकळीतून जायचे तर ते वेगाने जाते, आणि खतातले नायट्रेटही त्याबरोबर शेजारच्या विहिरीत लवकर पोहोचते.

बाहेरच्या दालनात शेतकऱ्यांनी आपापल्या विहिरींच्या वह्या मांडल्या आहेत. दुपारच्या सत्राआधी प्रत्येक अभ्यासकाने एकेका वहीजवळ बसावे आणि वहीवाल्याला मनमोकळे विचारावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जेवणाची सोय शेजारच्या मांडवात केली आहे. व्यवस्थेत काही उणे वाटले तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा.