सीडीतले साथीदार

कराओके म्हणजे काय, हे आता आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या गच्चीवर, ज्येष्ठ नागरिक संघात, कुठंही माईक हातात धरून गाणारी मंडळी भेटतात. शब्द मूळ जपानी. ‘कारा’ म्हणजे रिकामं आणि ‘ओके’ हा ऑर्केस्ट्रा या शब्दाचा जपानी तोंडात उरलेला तुकडा. वाद्यवृंद आहे, गायकाची जागा तेवढी रिकामी. असं यंत्र सर्वांत आधी कुणी केलं यावर दोन मतं आहेत. तोक्योच्या शिगेइची नेगिशींनी ते १९६७ साली केलं, तर कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली. इनोउए हे साथ करणारे वादक. एका गिऱ्हाइकाबरोबर बाहेरगावी साथीला जाणं जमेना, म्हणून त्यांनी साथ टेपवर भरून दिली आणि त्यातून पुढे हे यंत्र सुचलं, अशी हकिकत त्यांनीच सांगितली आहे. साथीदार येऊ शकत नाही, म्हणून त्याची साथ पाठवायची. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढं तिच्याकडे यायचं आहे.

आमचा जुन्नर तालुका गाण्याबजावण्याचा. नारायणगाव तर तमाशाची पंढरीच. गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला तिथं फडांच्या राहुट्या लागतात. लेण्याद्रीच्या पायथ्याशी भजनी मंडळांची ये-जा बारा महिने. या सगळ्यांत सीडी आली आणि तिच्या पाठोपाठ व्हीसीडी. व्हीसीडीचं प्रमाणक १९९३ साली ठरलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती घराघरांत शिरली. प्रसाद, माळा, हळदकुंकू यांच्या शेजारी आरत्यांच्या आणि अष्टविनायक दर्शनाच्या व्हीसीडी मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांतच कराओकेच्याही असत. गाण्याच्या ओळी पडद्यावर येणार, शब्दांचा रंग बदलत जाणार आणि त्या रंगाच्या मागून आपण गायचं.

मी तालुक्यातल्या एका शाळेत संगीत शिकवत होतो. निवृत्त झाल्यापासून लोक माझ्याकडे या जुन्या सीडी घेऊन येतात. प्लेअर बंद पडलेला असतो, दुरुस्त करणारा सापडत नाही, मुलाच्या नव्या लॅपटॉपला सीडीचा खणच नसतो. मग, ‘सर, एवढं मोबाईलमध्ये भरून द्या.’ मी बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह घेऊन ठेवला आहे. तो काही महाग नसतो. हे काम करता करता जे कळलं, तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट, सगळ्या सीडी सारख्याच मोलाच्या नसतात. कंपनीनं हजारोंनी काढलेली सिनेमागीतांची कराओके सीडी गेली, तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात निघते. पण गावातल्या ऑर्केस्ट्रानं, क्लासच्या सरांनी, एखाद्या पेटीवाल्यानं घरी भरून मार्करनं नाव लिहिलेली सीडी जगात एकच असते. शिवाय तिची घडणही नाजूक. कारखान्यातल्या सीडीत मजकूर ठशानं उमटवलेला असतो. घरी भरायच्या सीडीत एक रंगद्रव्य असतं, लेझरनं त्यावर खुणा केलेल्या असतात आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी ते रंगद्रव्य बिघडतं. लोक माझ्याकडे येतात तेव्हा चकचकीत वेष्टनातली सीडी वर असते आणि मार्करनं लिहिलेली तळाला. मी ढीग उलटा करतो.

दुसरं, ओरखड्यांविषयी. खालची चमकदार बाजू आपण फार जपतो. पण त्या बाजूला जवळपास सव्वा मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक असतं, थोडा ओरखडा त्याला सोसतो. खरा धोका वरच्या, नाव लिहायच्या बाजूला. तिथं धातूचा पातळ थर आणि त्यावर लाखेचा नुसता पापुद्रा. बॉलपेननं दाबून नाव लिहिलं किंवा चिकटवलेला कागद उपटला, की धातूच निघून येतो. सीडी उजेडासमोर धरावी. मधून प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तेवढं गाणं गेलं. पुसायची झाली तर मऊ, किंचित ओल्या कापडानं मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. आडवा ओरखडा यंत्र सावरून घेतं, गाण्याच्या वाटेवरून जाणारा गोल ओरखडा सावरता येत नाही. टूथपेस्ट लावण्याचा उपाय मला अनेकांनी सांगितला. मी तो दातांसाठी ठेवला आहे.

आता खुद्द कराओकेचा पेच. व्हीसीडी संगणकात घातली की ‘एमपेगएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यातल्या ‘डॅट’ फायली म्हणजे आपली गाणी. त्या उतरवून घेतल्या की व्हीएलसीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर वाजतात. काही जण इथंच काम झालं म्हणतात आणि मोबाईलसाठी फाईल लहान करताना फसतात. पुष्कळशा कराओके व्हीसीडींमध्ये डाव्या-उजव्या बाजूंचा उपयोग निराळा केलेला असतो. एका बाजूला गायकासकट गाणं, दुसऱ्या बाजूला नुसती साथ. रिमोटवरचं बटण दाबून आपण हवी ती बाजू घेत असू. रूपांतर करताना दोन्ही बाजू एकत्र केल्या, की गायकाचा आवाज साथीत कायमचा मिसळतो आणि कराओके म्हणून ती फाईल निरुपयोगी होते. म्हणून मूळ फाईल आहे तशी जपायची, मोबाईलसाठी हवी ती बाजू वेगळी काढून दुसरी फाईल करायची.

परदेशातून आलेल्या सीडींची अडचण याहून गमतीची. दुबईला, अमेरिकेला असलेली आपली माणसं सुटीवर येताना कराओकेचं यंत्र आणि त्याच्या सीडी आणत. त्यांतल्या बऱ्याच ‘सीडी-जी’ या प्रकारातल्या, म्हणजे आवाजाच्या सीडीतच अक्षरांची चित्रं दडवलेल्या. सीडीवर संगीताच्या बाजूनं एक अरुंद गल्ली असते. गाणं कितवं, किती मिनिटं झाली अशी माहिती तीत असते आणि बाकी जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत सोळा रंगांची ठिपक्यांची चित्रं भरायची, दर सेकंदाला तीनशे बारीक पुडक्यांतून. सीडी नेहमीच्या पद्धतीनं उतरवली तर संगणक संगीत तेवढं घेतो, गल्लीकडे बघतही नाही. गाणं वाजतं, शब्द सीडीतच राहतात. ही गल्ली वाचणारा ड्राइव्ह लागतो, तसा प्रोग्रॅम लागतो आणि मग एका गाण्याच्या दोन फायली होतात, एक आवाजाची, एक अक्षरांची. दोघींचं नाव एकच ठेवायचं आणि त्यांना कधी वेगळं करायचं नाही.

चित्राबद्दल एवढंच, की व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. ते आजच्या मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणारच. ‘एचडी करून द्या’ म्हणणाऱ्यांना मी सांगतो, नसलेले ठिपके कुठून आणू? आणि रुंद पडद्यावर ताणून बसवलं तर सडपातळ नायिका पैलवान दिसते. कडेला काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

आवाजाच्या सीडीची गाणी जशीच्या तशी ठेवायची तर मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात. म्हणजे शंभर भरलेल्या सीडी १२८ जीबीत मावतात. एमपीथ्री करायची ती ऐकण्यासाठी, ठेवण्यासाठी नव्हे. ठेवायच्या प्रती दोन हव्यात, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि जमलं तर दोन वेगळ्या घरांत. कायद्याचंही विचारतात लोक. स्वतःच्या घरगुती वापरासाठी प्रत काढणं आणि ती विकणं किंवा जगजाहीर टाकणं यांत फरक आहे. १९५७ चा प्रताधिकार कायदा खासगी रास्त वापराला सवलत देतो, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं मालकाकडेच राहतो. तेव्हा सिनेमाच्या साथीच्या पेनड्राइव्हचा धंदा काढू नये.

मला एक गंमत वाटते. आमच्या तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे, अशा एकूण तीस. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ती ऐकते. आणि आम्हाला २००६ ची सीडी ऐकता येत नाही! पण यात नवल नाही. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला आपण तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून जातो, ते सातवं लेणं. त्याच्या शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं हे चैत्यगृह दान दिलं, असं ती सांगते. अठराशे वर्षांच्या आसपास ती ओळ तिथं आहे, दगडात, शाबूत. तरी मधली कित्येक शतकं तिथून जाणाऱ्या एकालाही ती वाचता येत नव्हती. लिपी विसरली गेली होती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मीची अक्षरं लावली, तेव्हा अशा ओळी पुन्हा बोलू लागल्या. सीडीचं उलटं आहे. वाचणारं यंत्र अजून मिळतं, पण दगडासारखा दम तिच्यात नाही. प्रिन्सेपची वाट बघायला तिला सवड नाही.

आता त्या पेटीवाल्याकडे येतो. आमच्या भागातल्या एका महिला भजनी मंडळाला साथ करणारे हे गृहस्थ. नोकरीमुळे त्यांना दर वेळी सरावाला येता येईना, म्हणून २००६ च्या गणेशोत्सवाआधी त्यांनी पेटी, तबला आणि कीबोर्ड असं अकरा रचनांचं भरून दिलं. बायकांच्या पट्टीत, काळी पाचमध्ये. बाजारातल्या साथीची पट्टी कधी या मंडळाला जुळली नाही, ही जुळली. इनोउए यांचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. गृहस्थ २०१९ मध्ये गेले. मंडळ मात्र त्यांच्याच साथीवर सराव करत राहिलं, प्लेअर बंद पडेपर्यंत.

सीडी माझ्याकडे आली तेव्हा कडेचा लेप सुटू लागला होता. नऊ रचना पहिल्या ड्राइव्हवर सरळ उतरल्या. दहावीला वेग अगदी कमी करावा लागला, मग तीही आली. माझ्या भाच्यानं संगणकावर त्या ऐकल्या आणि म्हणाला, ‘मामा, मागची घरघर काढून टाकतो, आणि दर गाण्याआधी कुणीतरी पुटपुटतंय तेही.’ ते पुटपुटणं म्हणजे पेटीवाल्यांचं ‘हं, एक, दोन’. मंडळातल्या सगळ्यांत वडील मावशी शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे बाळा. त्याच्यावरच तर आम्ही उचलतो.’ घरघरही मी ठेवली, कारण ती काढताना पेटीच्या भात्याचा श्वास जात होता.

अकरावी गवळण. तिची जागा सीडीच्या अगदी कडेला, जिथं लेप सुटला होता तिथं. तीन वेगवेगळे ड्राइव्ह लावले. मंडळातल्या प्रत्येकीच्या घरी दुसरी प्रत शोधायला सांगितलं, एकीकडे वेष्टन निघालं, आत सीडी नव्हती. शेवटी साडेपाच मिनिटांतली सव्वातीन मिनिटं हाती आली, दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यापर्यंत. भाचा म्हणाला, पहिल्या अंतऱ्याची साथ पुन्हा जोडून पूर्ण करता येईल. मंडळाला विचारलं, त्यांना ते नको होतं. आता ती गवळण त्या मोबाईलवरच्या साथीवर सुरू करतात. दुसऱ्या अंतऱ्यात पेटी थांबते, तिथून पुढं नुसत्या टाळांवर म्हणतात.