अक्षराची सावली

फ्लेक्स येण्यापूर्वी गावोगावच्या दुकानांच्या पाट्या पेंटर हाताने रंगवीत. आधी खडूने आखणी, मग अक्षर आणि त्याच्या कडेने सावली. तिला ते 'शेड' म्हणत. सपाट पत्र्यावरचं अक्षर या शेडमुळे बोटभर वर उचलल्यासारखं दिसे. पथ्य एकच. पहिल्या अक्षराची शेड उजवीकडे खाली पडली, की शेवटच्याचीही तिकडेच पडायची. एका पाटीवर एकच सूर्य!

प्रकाश वरून येतो, असं आपला मेंदू गृहीतच धरतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. वर उजळ आणि खाली काळपट होत गेलेलं वर्तुळ फुगीर दिसतं. तेच चित्र उलटं धरलं, की खळगा दिसतो. विंडोज ९५ मधली बटणं याच युक्तीने उठून दिसत.

पुढे १९९८ साली फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत तयार 'ड्रॉप शॅडो' आली. सावली फुकट झाली आणि फुकटची वस्तू माणूस कुठेही टाकतो. वाढदिवसाच्या फलकावर साहेबांचा फोटो, नाव आणि शुभेच्छुकांची रांग, प्रत्येकाचा सूर्य निराळा.

तेही चालवून घेऊ. माझी तक्रार अर्थाची आहे. 'व' आणि 'ब' यांच्यात फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. जाड सावली 'व'च्या पोटात शिरली, की लांबून 'शनिवार'चा 'शनिबार' होतो. (काहींना तो अधिक सोयीचा वाटेल!) अनुस्वाराची सावली गडद असली, तर एका टिंबाची दोन होतात. उर्दूत तर याहून नाजूक काम. शब्दाच्या मध्ये आलेल्या 'नून'वर एक नुक्ता, 'ते'वर दोन. बाकी आकार तोच. तिथे नुक्त्याची सावली म्हणजे सरळ दुसरं अक्षर.

ॲपलने २०१३ मध्ये आयफोनच्या पडद्यावरच्या सावल्या बऱ्याचशा पुसल्या. लगेच २०१४ मध्ये गूगलने त्या परत आणल्या, पण कोणता कागद कोणाच्या वर आहे हे सांगण्यापुरत्या. हा हिशेब मला पटतो. सावली अक्षराच्या मागे असावी, पोटात नव्हे.

फलक करणाऱ्या मुलांना मी सांगतो, छापण्याआधी दहा पावलं मागे जाऊन तो एकदा वाचा. आधी काना-मात्रा, टिंबं बघा. 'व' हा 'व'च राहिला असेल, तर खुशाल छापा.